भिंतीआडून गाणं शिकलेला उस्ताद : प्रोफेसर मौलाबक्ष आणि बडोद्याची गायनशाळा

जून महिना आला की आमच्या सटाण्याच्या शाळेत पालकांची ये-जा वाढते. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला पुस्तकांची यादी, कुणाला सेमी इंग्रजीची चौकशी करायची असते. यंदा सातवीतल्या एका मुलीचे वालिद वेगळाच प्रश्न घेऊन आले. मुलीचा गळा चांगला आहे, स्नेहसंमेलनात ती नात म्हणते, पंधरा ऑगस्टला देशभक्तीचं गीत म्हणते. तिला गाण्याच्या पहिल्या वर्गाला घालावं की नको, असं त्यांना विचारायचं होतं. घरात दोन मतं होती. आजींचं म्हणणं असं की आपल्यात गाणं-बजावणं कुणी शिकत नाही. आणि एका क्लासला ते चौकशीला गेले, तर तिथल्या माणसानेही नाव ऐकून जरा आश्चर्यच केलं, तुमच्यात हे चालतं का, असं विचारलं. म्हणजे घरचा दरवाजा अर्धा बंद आणि बाहेरचाही अर्धा बंद. बिचारे मधल्या मध्ये अडकले होते.

आम्ही त्यांना सल्ला दिला नाही, एका माणसाची हकिगत सांगितली. हिंदुस्थानात ज्यांनी गाण्याचा पहिला धडा शाळेच्या फळ्यावर आणला, त्यासाठी छापील पुस्तकं काढली आणि कुठल्याही घरातल्या मुलाला समोर बसवून सा रे ग म शिकवायला सुरुवात केली, त्या पहिल्या मोजक्या लोकांत एक मुसलमान उस्ताद होते. त्यांचं नाव मौलाबक्ष. बडोद्यात ते प्रोफेसर मौलाबक्ष म्हणून ओळखले जात. एके काळी फार गाजलेलं हे नाव आता आपल्याच घरांतून पुसट झालंय. म्हणून तीच हकिगत आज वाचकांपुढे ठेवतो.

पहिलवान व्हायचं होतं

मौलाबक्ष यांचा जन्म १८३३ सालचा, दिल्लीकडच्या मुलखातला. घराणं गवयांचं नव्हतं. मूळ नावही वेगळं होतं, लहानपणी त्यांना चोले खाँ म्हणत. वडील लवकर गेले आणि चुलत्यांनी सांभाळ केला. मुलाला ओढ होती कुस्तीची. आखाड्यात घुमायचं, जोर-बैठका काढायच्या, एवढंच त्याचं जग. गाणं येत होतं ते आपल्या कुठल्याही गल्लीतल्या मुलाला येतं तेवढंच, म्हणजे ऐकून गुणगुणण्यापुरतं.

घराण्यात पुढे सांगितली गेलेली गोष्ट अशी. पंधराएक वर्षांचा असताना त्याची गाठ एका चिश्ती फकिराशी पडली. फकिराने त्याला काहीतरी गायला सांगितलं. मुलाने संकोच न करता जे येत होतं ते मनापासून गायलं. फकीर खूश झाला, त्याने मुलाला दुआ दिली आणि नवं नाव दिलं, मौलाबक्ष. मौलाने बक्षलेला, असा त्याचा अर्थ. त्या दिवसापासून मुलाने आखाडा सोडला आणि उस्तादाच्या शोधात घर सोडलं.

इथं आजच्या वाचकाला थोडं समजावून सांगायला हवं. त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे फी भरून नाव नोंदवायचं असं नव्हतं. विद्या घराण्यात राहायची. बाप मुलाला देई, मामा भाच्याला देई. बाहेरच्या शागिर्दाला आधी वर्षानुवर्षं खिदमत करावी लागे, मग मर्जी झाली तर एखादी चीज मिळे. यात नुसता कंजूषपणा होता असं आम्ही म्हणणार नाही. गाणं हीच त्या कुटुंबांची शेती होती, तीच दौलत. शेताचा बांध कोण फुकट मोडून देतो? पण ज्याचं घराणं नाही, त्या पोराने काय करायचं, याला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हतं.

पहिली भिंत

फिरत फिरत मौलाबक्ष गुजरातेत पोहोचला. तिथं घसीट खाँ नावाचे मोठे उस्ताद होते. आपण कुणालाही शिकवणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. सरळ जाऊन विनवणी केली तर दारातूनच परत यावं लागेल, हे पोराला कळून चुकलं.

मग त्याने काय केलं, तर उस्तादांच्या दरवानाशी दोस्ती केली. उस्ताद रात्री रियाज करत. हा दरवानाजवळ जाऊन बसे, गप्पा मारे आणि कान आतल्या आवाजाला लावून ठेवे. रात्रभर जे ऐकलं ते दिवसा आपल्या खोलीत घोटून बसवायचं आणि रात्र झाली की पुन्हा भिंतीशी हजर. असे बरेच दिवस चाललं. दरवानालाही काही संशय आला नाही.

एके दिवशी घसीट खाँ रस्त्याने चालले असता एका घरातून त्यांना आपलीच गायकी ऐकू आली. तेच वळण, तीच जागा, तोच ठेका. ते चमकले आणि आत गेले. समोर एक अनोळखी तरुण पोर. उस्ताद कोण, असं विचारल्यावर पोराने खरं ते सांगून टाकलं, आपलेच आहेत म्हणाला आणि दरवानाची, रात्रीच्या रियाजाची सगळी हकिगत कबूल केली. घसीट खाँ रागावले असते तर कुणी नवल मानलं नसतं. पण इतक्या तहानेपुढे त्यांचा निश्चय टिकला नाही. त्यांनी मौलाबक्षला समोर बसवलं आणि मोकळ्या हाताने तालीम दिली. पुढे छापलेल्या पुस्तकांवर मौलाबक्ष आपल्या नावाला जोडून घिस्से खाँ हे नाव लावत. उस्तादाचं नाव त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

ही गोष्ट त्यांच्या नातवाच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे. घराण्याच्या गोष्टीत थोडी भर पडत जाते, हे आम्ही मान्य करतो. पण या माणसाने पुढे आयुष्यात जे केलं, ते पाहिलं की भिंतीशी बसलेला तो पोरगा डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसरी भिंत

उस्ताद गेल्यावर मौलाबक्ष दक्षिणेत उतरले. म्हैसूरला मुम्मडी कृष्णराज वोडेयर महाराजांचा दरबार होता. गुणी माणसांचा तिथं आदर होई. पण दक्षिणेचं संगीत वेगळं. रागांची नावं वेगळी, तालांचं गणित वेगळं, आणि सगळं शास्त्र ब्राह्मण विद्वानांच्या हाती. उत्तरेकडच्या मुसलमान गवयाला ते कोण शिकवणार? पुन्हा तीच भिंत, फक्त या वेळी तिच्या मागे दुसरी माणसं होती.

मौलाबक्ष यांनी हट्ट सोडला नाही. उत्तरेचं संगीत त्यांच्याकडे होतंच, दक्षिणेचंही त्यांनी मेहनतीने मिळवलं. ते गात, वीणा वाजवत, जलतरंगावरही त्यांचा हात होता. पुढे म्हैसूरच्या दरबारात त्यांची कसोटी लागली आणि महाराजांनी त्यांना कलगी, सरपेच, छत्र, चामर असा राजेशाही मान दिला. एका कलावंताला असा मान मिळणं ही साधी बाब नव्हती. तिकडेच त्यांचा निकाह झाला. बीबींचं नाव कासिम बी. त्या टिपू सुलतान यांच्या वंशातल्या होत्या, असं हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे.

दक्षिणेतून ते आणखी एक गोष्ट घेऊन आले, असं आम्हा शिक्षकांना वाटतं. कर्नाटक संगीतात नवशिक्याचा अभ्यासक्रम फार पूर्वीपासून ठरलेला आहे. आधी सरळ स्वरांचे पाठ, मग एकेक स्वर दोनदा घेण्याचे पाठ, मग तालात बांधलेले अलंकार, मग छोटी गीतं. हा क्रम संत पुरंदरदासांनी लावून दिला, असं तिकडे मानतात. मूल कुणाच्याही घरचं असो, पहिली पायरी तीच. उत्तरेकडे असं काही सर्वांसाठी ठरलेलं नव्हतं. उस्तादाच्या मनात येईल तो पहिला धडा. ज्याने अंधारात, भिंतीआडून, तुकड्या-तुकड्याने शिकून घेतलं होतं, त्याला या पायऱ्यांची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळली असणार.

बडोदा आणि कवळाण्याचा मुलगा

बडोद्याला तेव्हा खंडेराव महाराज गायकवाड यांची कारकीर्द होती. १८५६ ते १८७० हा तो काळ. त्यांनी मौलाबक्ष यांना बोलावून घेतलं. पण दरबार म्हटला की हेवेदावे आलेच. मौलाबक्ष मानी स्वभावाचे होते, काही काळाने ते बडोदा सोडून निघाले. या भटकंतीत ते कलकत्त्यालाही गेले. तिथं टागोर घराण्यातले सौरींद्रमोहन यांनी १८७१ साली संगीताची शाळा काढली होती. गाणं शाळेत शिकवता येतं आणि कागदावर लिहिता येतं, हा विचार त्या काळी हवेत होता. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० साली, पुण्यात गायन समाजाने १८७४ साली असाच प्रयत्न सुरू केला होता. तेव्हा मौलाबक्ष यांनी एकट्याने सगळं केलं, असं सांगून आम्ही इतरांचं श्रेय काढून घेणार नाही. पण पुढे बडोद्यात जे झालं त्याचं वजन वेगळं होतं, कारण तिथं एक राज्य आपल्या खजिन्यासह या कामामागे उभं राहिलं.

आणि इथं आपल्या भागाचा संबंध येतो. बडोद्याच्या गादीवर १८७५ साली जो मुलगा दत्तक बसला, तो आमच्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा. शेतकऱ्याच्या घरातला गोपाळराव. जन्म १८६३ सालचा. गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि धड लिहिता-वाचता येत नव्हतं. तेच पुढे महाराजा सयाजीराव झाले. १८८१ च्या अखेरीस कारभार हाती आला आणि त्यांनी शाळांचा सपाटा लावला. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेला शिकायला पाठवणारेही तेच. ज्याला स्वतःला अक्षर उशिरा मिळालं, त्याने ते सगळ्यांना वाटून टाकलं.

अशा राजाच्या पदरी भिंतीआडून शिकलेला उस्ताद आला. दोघांची गाठ पडली ती संगीताच्या भाग्याने, असंच म्हणायला हवं. १८८६ साली बडोद्यात गायनशाळा सुरू झाली आणि तिची सूत्रं मौलाबक्ष यांच्या हाती आली.

पहिला धडा

शाळा म्हटल्यावर वर्ग आले, वेळापत्रक आलं, पुस्तकं आली. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तेव्हाच्या गवयाच्या नजरेतून पाहा. ज्या चिजेसाठी शागिर्दाने बारा-बारा वर्षं हुक्का भरायचा, ती चीज चार आण्याच्या पुस्तकासारखी छापून मुलांच्या हाती द्यायची! कित्येक उस्तादांना हे घर लुटायला देण्यासारखं वाटलं असेल.

मौलाबक्ष यांनी स्वरलेखनाची आपली पद्धत बसवली. स्वराचं अक्षर लिहायचं, तो स्वर किती वेळ धरायचा आणि ताल कुठे येतो हे खुणांनी दाखवायचं. या पद्धतीवर त्यांनी शाळेसाठी पुस्तकं तयार केली. ‘संगीतानुभव’ हे त्यांचं पुस्तक १८८८ साली आलं. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

ज्यांनी गाणं शिकलं नाही अशा आमच्या वाचकांसाठी, पहिल्या वर्गात नेमकं काय शिकवतात तेही सांगतो, कारण घरोघरी भीती बहुतेक न कळण्यातूनच असते. आधी सा लावायचा. तानपुऱ्यात किंवा पेटीत आपला सा मिसळला की नाही, हे कानाने ओळखायचं. मग सात शुद्ध स्वर. त्यातले रे, ग, ध, नी खाली उतरले की कोमल होतात आणि म वर चढला की तीव्र होतो, असे एकूण बारा. मग अलंकार, म्हणजे सारेग, रेगम, गमप असे जिने चढायचे आणि उतरायचे. हाताने ताल द्यायचा. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग, पहिली मात्रा सम आणि नववी खाली. आणि मग भूप किंवा दुर्गासारखा पाच स्वरांचा राग. भूपात म आणि नी नाहीत, दुर्गात ग आणि नी नाहीत. आज पुस्तकात कोमल स्वराखाली आडवी रेघ दिसते, तीव्र म वर उभी रेघ दिसते, ती भातखंडे यांची पद्धत. मौलाबक्ष यांच्या खुणा वेगळ्या होत्या, पण हेतू तोच. उस्ताद घरी नसला तरी मुलाला काल काय शिकलो ते कागदावर पाहता यावं.

हे वाचून गणिताच्या पहिल्या इयत्तेची आठवण होते ना? आम्हालाही झाली. एकक-दशक, पाढे, मग बेरीज. शिकवणं म्हणजे अवघड गोष्टीच्या पायऱ्या पाडणं. बी.एड.ला आम्ही हे पुस्तकातून शिकलो. मौलाबक्ष यांना कुणी शिकवलं नव्हतं.

विरोधकांचं म्हणणंही अगदी चूक नव्हतं. कागदावर रे लिहिता येतो, पण सा वरून रे वर घसरत जाणारी मींड कशी लिहिणार? आंदोलन कसं लिहिणार? एकच यमन दोन उस्तादांच्या गळ्यात दोन रंगांचा होतो, तो रंग कोणत्या खुणेने दाखवणार? लिहिलेलं गाणं सुकलेल्या फुलासारखं होतं, अशी त्यांची तक्रार होती. ती आजही खरी आहे. पुस्तक वाचून कुणी गवई होत नाही, समोर गुरू लागतोच. मात्र पुस्तक आल्यामुळे गुरूच्या दारापर्यंत पोहोचण्याची वाट सगळ्यांना सापडली. आधी ती वाटच खासगी होती.

मागून आलेले

१८९६ साली मौलाबक्ष यांचं बडोद्यात निधन झालं. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्यानंतर पाच वर्षांनी, ५ मे १९०१ रोजी, कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पंडित भातखंडे यांनी देशभर फिरून चिजा गोळा केल्या, शास्त्र मांडलं, आणि १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच, सयाजीरावांच्याच आश्रयाने. या दोघांचे उपकार मोठे आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण पुढे शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत इतिहास असा काही लिहिला गेला की जणू मुसलमान उस्ताद विद्या दडवून बसले होते आणि या दोघांनी ती बाहेर काढली. काही उस्ताद दडवत होते, हे मौलाबक्ष यांच्या स्वतःच्या लहानपणावरूनच दिसतं. पण दार उघडणाऱ्यांतही उस्ताद होते, हे मात्र त्या इतिहासातून गळालं.

खुद्द पलुस्करांची गायकी पाहा. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांच्याकडे आलेली विद्या ग्वाल्हेरची, आणि ग्वाल्हेरची खयाल गायकी हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची. भातखंडे यांनी जयपूरच्या मुहम्मद अली खाँ यांच्याकडून शेकडो चिजा घेतल्या. आणि १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढणारे अब्दुल करीम खाँ, ज्यांची कबर मिरजेला ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, त्यांनीही आपल्या विद्यालयात सगळ्या जातींची मुलं शिकवली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. महाराष्ट्रातलं गाणं कुणा एकाचं म्हणता येणार नाही, इतके हात त्याला लागले आहेत.

घराण्याचं पुढे काय झालं

मौलाबक्ष यांच्या मुलांनी वडिलांचं काम चालू ठेवलं. मुर्तजा खाँ गायनशाळेत होते. दुसरे अलाउद्दीन खाँ, त्यांना सयाजीरावांनी लंडनला पाठवलं आणि ते तिथल्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आले. बडोद्यात लोक त्यांना डॉ. पठाण म्हणत.

मौलाबक्ष यांची मुलगी खतीजा बी, जावई रहमत खाँ. त्यांच्या पोटी ५ जुलै १८८२ रोजी इनायत खाँ जन्मले. आजोबांच्या मांडीवर आणि आजोबांच्या शाळेत हा मुलगा वाढला. नऊ वर्षांचा असताना त्याने महाराजांसमोर संस्कृत स्तोत्र गायलं आणि शिष्यवृत्ती मिळवली, अशी आठवण सांगतात. मुसलमान घरातलं लेकरू, संस्कृत स्तोत्र, मराठा राजा, गुजरातेतलं शहर. त्या काळी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. विशीत इनायत खाँ यांनी स्वतः नवशिक्यांसाठी हार्मोनियम आणि फिडल शिकवणारी पुस्तकं लिहिली. आजोबांचाच वारसा.

सप्टेंबर १९१० मध्ये ते वीणा घेऊन अमेरिकेला निघाले. पुढे युरोप-अमेरिकेत सूफी विचार पोहोचवणारे हजरत इनायत खाँ म्हणून जगाने त्यांना ओळखलं. ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांची दर्गा निजामुद्दीन बस्तीत आहे.

त्यांची मुलगी नूर, म्हणजे मौलाबक्ष यांची पणती. तिने पॅरिसमध्ये संगीत शिकलं, ती मुलांसाठी गोष्टी लिहायची. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ब्रिटिशांनी पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. १९४३ च्या जूनमध्ये उतरली, ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. तिने साथीदारांची माहिती दिली नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. तेव्हा ती तीस वर्षांची होती. १९४९ साली ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.

आणि गायनशाळा? ती संपली नाही. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं, तेव्हा ती त्यात सामील झाली. आज सूरसागर तलावाकाठी विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. गाणं, तबला, सतार, नृत्य, नाटक यांच्या पदव्या तिथं मिळतात. सुरुवात मात्र मौलाबक्ष यांच्या फळ्यापासून झालेली आहे.

आपल्या घरातला प्रश्न

आता पुन्हा सटाण्यात येऊ. संगीताबाबत आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. काही जण वाद्यांना मनाई मानतात, काही जण अटी घालून परवानगी देतात, चिश्ती बुजुर्गांनी समाची महफिल जवळ केली. आम्ही शाळामास्तर आहोत, मुफ्ती नाही. फतवा देणं आमचं काम नाही आणि ज्या घराचा कल नाही त्याला आम्ही दोष देणार नाही. ज्यांना दीनच्या कारणाने नको आहे, त्यांची गोष्ट वेगळी. आमची हरकत दुसऱ्याच वाक्याला आहे. आपल्यात कुणी शिकत नाही, हे वाक्य खरं नाही. आपल्यातले शिकले, इतकंच काय, त्यांनी सगळ्या देशाला शिकवलं. आणि तुमच्यात हे चालतं का, असं विचारणाऱ्या क्लासवाल्यालाही हेच सांगायचं आहे. तो ज्या पद्धतीने फळ्यावर सा रे ग म लिहितो, त्या वाटेवर आधी चालून गेलेला माणूस मौलाबक्ष होता.

ज्या घरांना मुलांना पाठवायचं आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रात ठिकठिकाणी होतात. पहिली परीक्षा प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि पुढे विशारद. गायन, हार्मोनियम, तबला, यांपैकी काहीही घेता येतं. घरात महाग तानपुरा लागत नाही, सुरुवातीला मोबाईलवरच्या तानपुऱ्यानेही काम भागतं. रोजचा अर्धा तास नियमाने बसायची तयारी मात्र हवी. मूल नात म्हणणार असो, गझल गाणार असो, की नुसतं कान तयार करून घेणार असो, सूर आणि तालाची पहिली समज त्याच्या उपयोगीच पडेल. आणि शाळांना आमची विनंती आहे. कपाटात कुलूप लावून ठेवलेली पेटी बाहेर काढा. आमच्याही शाळेत ती बरीच वर्षं कपाटात होती, हे कबूल करतो. भाता उंदरांनी कुरतडल्यावर ती कुणाच्याच कामाची राहत नाही.

त्या मुलीच्या वालिदांनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या एका क्लासला गेले आणि मुलीचं नाव घालून आले. अजून ती साच लावते आहे, अलंकार नुकते सुरू झालेत. आजींचं मत बदललेलं नाही आणि आम्ही ते बदलायला गेलोही नाही. पण मौलाबक्ष कोण होते, हे आता त्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

स्वतः दाराबाहेर बसून शिकलेल्या माणसाला दार हाती आल्यावर दोन गोष्टी करता येतात. आपण सोसलं तसं इतरांनी सोसावं म्हणून ते बंद ठेवायचं, किंवा उघडून द्यायचं. मौलाबक्ष यांनी उघडून दिलं. अल्लाह त्यांची मगफिरत फरमावो.